ढगांखालची जमीन

१३ मे १९३०. ब्रह्मदेशात पावसाने ठाण मांडले होते. रंगूनच्या उत्तरेस काही मैलांवर इनसीन नावाचे गाव आहे. तेथील सरकारी तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारात खेळाचे एक मैदान होते. त्या दिवशी पावसाच्या माऱ्यातून एक लहानसे हिरवे विमान ढगांखाली आले, मैदानाच्या दिशेने वळले आणि भिजलेल्या गवतावर टेकले. टेकले ते ठीक. पण त्या विमानाला ब्रेक नव्हते आणि ओल्या गवतावर चाके थांबेनात. विमान घसरत पुढे गेले आणि मैदानाच्या कडेच्या चरात नाक खुपसून उभे राहिले. प्रोपेलर मोडला, पंख फाटला, चाकांना आधार देणारा सांगाडा वाकला. आत बसलेली तरुणी मात्र सुखरूप होती. तिचे नाव ॲमी जॉन्सन. वय सव्वीस वर्षे. ती इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीच निघाली होती आणि तिला खरे तर रंगूनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरायचे होते.

विमानविद्येच्या इतिहासात या घटनेला एखाद्या ओळीहून अधिक जागा मिळत नाही. पण खराब हवेत लहान विमान खाली आणणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर त्या चरापाशी थोडा वेळ थांबायला हवे.

गड चढताना माणूस दमतो. पण पाय मुरगळतो तो बहुधा उतरताना, असे सह्याद्रीत हिंडणारे सांगतात. विमानाचेही काहीसे तसेच आहे. हवा बिघडलेली दिसली तर उड्डाण उद्यावर टाकता येते. विमान जमिनीवर दोरांनी बांधून ठेवावे आणि चहा पीत बसावे; त्यात नुकसान झाले तर एका दिवसाचे. एकदा वर गेल्यावर मात्र उतरणे उद्यावर टाकता येत नाही. इंधनाच्या टाकीने त्याची वेळ आधीच ठरवून ठेवलेली असते. वैमानिकाच्या हाती उरते ते एवढेच, की ती वेळ येण्यापूर्वी कुठे उतरायचे हे ठरवणे. आणि ढगांनी जमीन झाकली असेल तर हा निर्णय न दिसणाऱ्या गोष्टीविषयी घ्यावा लागतो.

ॲमी जॉन्सन ही काही जन्मजात वैमानिक नव्हती. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात तिचा जन्म १९०३ मध्ये झाला. वडिलांचा मासळीचा व्यापार होता. तिने शेफील्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून पदवी मिळवली आणि लंडनमध्ये एका वकिलांच्या कचेरीत टंकलेखनाची, सचिवाची नोकरी धरली. उडायला शिकली ती नोकरी सांभाळून, स्टॅग लेन येथील विमान क्लबात. पण केवळ उडवणे तिला पुरेसे वाटले नाही. क्लबाच्या शेडमध्ये यंत्रज्ञांच्या हाताखाली ती तेलकट कपड्यांत काम करू लागली. १९२९ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विमान-यंत्रज्ञाचाही. असा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री होती. हातात पाना धरणाऱ्या बाईकडे त्या काळी लोक कसे पाहत असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. आजही काही ठिकाणी ती नजर फारशी बदललेली नाही.

तिचे विमान जुने, दुसऱ्याच्या हाताखालून आलेले होते. ‘जिप्सी मॉथ’ जातीचे हे विमान वडिलांच्या आणि लॉर्ड वेकफिल्ड या तेलउद्योजकाच्या मदतीने विकत घेतलेले होते. वडिलांच्या व्यापारी चिन्हावरून तिने त्याचे नाव ‘जेसन’ ठेवले. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, शंभर अश्वशक्तीचे इंजिन आणि वर छप्पर नसलेली बैठक. रिकाम्या विमानाचे वजन चारशे किलोच्या आसपास, म्हणजे एखाद्या चांगल्या पोसलेल्या बैलाएवढे. पुढच्या बैठकीच्या जागी इंधनाची जादा टाकी बसवली होती. बाहेरच्या अंगाला एक सुटा प्रोपेलर बांधला होता. रेडिओ नव्हता. ५ मे १९३० रोजी सकाळी लंडनजवळच्या क्रॉयडनहून ती निघाली, तेव्हा तिच्या नावावर शंभर तासांचेही उड्डाण नव्हते. एकटीने केलेला तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता. आता पुढे अठरा हजार किलोमीटरच्या जवळपास जायचे होते.

बर्ट हिंकलर याने १९२८ मध्ये हाच प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. तो विक्रम मोडावा हा तिचा मनसुबा. सहाव्या दिवशी ती कराचीला पोचली, तेव्हा हिंकलरच्या दोन दिवस पुढे होती. रोज पहाटे उडायचे, दिवसभर उघड्या बैठकीत वारा आणि ऊन खायचे, संध्याकाळी उतरल्यावर स्वतःच इंजिन तपासायचे आणि जेमतेम तीन-चार तास झोपून पुन्हा निघायचे, असा तिचा क्रम होता. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने तिचे विमान जवळजवळ जमिनीवर फेकले. वाळवंटातच तिने ते टेकवले, चाकांपुढे सामान रचले, इंजिनावर कापड टाकले आणि वादळ ओसरेपर्यंत तेथेच बसून राहिली. दूर कुत्री भुंकत होती. म्हणून तिने जवळचे पिस्तूल हाताशी घेतले होते. भारतात आल्यावर अलाहाबादच्या वाटेवर इंधन पुरेना, तेव्हा ती झाशीच्या लष्करी छावणीतील कवायतीच्या मैदानावर उतरली. बिचाऱ्या शिपायांची धावपळ झाली. तेथेही पंखाला इजा झाली, ती दुरुस्त करून ती अलाहाबादमार्गे कलकत्त्यास पोचली.

कलकत्त्यापुढचा टप्पा वेगळा होता. आतापर्यंत ऊन, वारा आणि धूळ होती. आता पाऊस होता. आराकान योमाच्या डोंगररांगा ओलांडायच्या होत्या आणि त्यांवर पावसाळी ढग टेकलेले होते.

जमिनीवर राहणाऱ्या माणसाला ढग मऊ वाटतो. कवींनी त्याला कापसाची, लोकरीची उपमा देऊन हा समज पक्का केला आहे. विमान ढगात शिरले की चारी बाजूंना फक्त पांढरा-करडा रंग उरतो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सगळे सारखेच. अशा वेळी माणूस डोळ्यांऐवजी शरीरावर विसंबतो आणि नेमका तेथेच फसतो. आपल्या कानाच्या आतल्या भागात अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांतील द्रव हलला की आपण वळतो आहोत हे मेंदूला कळते. पण एकाच वेगाने वळत राहिलो तर काही सेकंदांत तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव नाहीशी होते. विमान एका अंगावर कललेले, वर्तुळात फिरत असते आणि आतला माणूस समजतो की आपण सरळ चाललो आहोत. ते सरळ केले, तर त्याला वाटते की आपण उलट दिशेला कललो. मग तो ‘चूक सुधारण्यासाठी’ विमान पुन्हा पूर्वीच्या बाजूला कलवतो. जत्रेतील चक्री पाळण्यातून उतरलेल्या मुलाला उभी असलेली जमीन फिरताना दिसते, त्याचाच हा प्रकार. फक्त येथे पाळणा थांबलेला नसतो. कललेले विमान हळूहळू नाक खाली घालते, वेग वाढतो. वैमानिक विमान वर घेण्यासाठी दांडा ओढतो, त्याने वळण आणखी आवळले जाते. असे नागमोडी नव्हे, तर स्क्रूच्या आट्यांसारखे खाली जाणे सुरू होते.

हे नुसते तर्क नाहीत. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग करण्यात आला. केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून, एका लहान विमानाचे नियंत्रण देण्यात आले. अर्थात शेजारी जाणकार शिक्षक होताच. वीसच्या वीस जणांचे विमानावरील नियंत्रण सुटले. नियंत्रण सुटेपर्यंत सरासरी किती वेळ गेला? १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत. एवढ्या वेळात घरी गॅसवर चहाला उकळीही फुटत नाही.

यावर उपाय शोधला गेला होता आणि तो ॲमीच्या प्रवासापूर्वीच. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्ड येथे जिमी डूलिटल या वैमानिकाने आपली बैठक कापडी छताने पूर्ण झाकून घेतली आणि बाहेर काहीही न पाहता विमान उडवले, फिरवले आणि परत उतरवले. पुढच्या बैठकीत दुसरा वैमानिक खबरदारी म्हणून बसला होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. डूलिटलच्या पुढ्यात भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारी दोन नवी उपकरणे होती. एकात क्षितिजाची रेघ दिसे आणि विमान किती कलले आहे ते कळे, दुसऱ्यात दिशा. शिवाय उंची बारकाईने दाखवणारे एक यंत्र आणि धावपट्टीची दिशा सांगणारे रेडिओ-संकेत. भोवरा वेगाने फिरत असताना आपला आस सोडत नाही, हे गल्लीत भोवरा खेळणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. त्याच गुणाने ढगात हरवलेल्या माणसाला क्षितिज परत मिळवून दिले.

‘जेसन’च्या पुढच्या फळीवर मात्र असे क्षितिज नव्हते. ॲमीकडे होकायंत्र होते, वेग आणि उंची सांगणारी साधी यंत्रे होती, नकाशे होते. त्यातले उंची सांगणारे यंत्रही पावसाळ्यात पुरते विश्वासाचे नसते, कारण ते उंची मोजतच नाही. ते हवेचा दाब मोजते. दाब एका मिलिबारने घटला, तरी वाचनात सुमारे तीस फुटांचा फरक पडतो आणि तो वैमानिकाला फसवणारा असतो. जमीन जवळ आलेली असताना यंत्र सांगते, अजून बरीच दूर आहे. पावसाळी हवेचा दाब कमी असतो, हे शाळेच्या भूगोलात आपण वाचतो. पण त्या एका वाक्यावर कुणाचा जीव अवलंबून असेल, असे तेथे कुठे लिहिलेले असते?

म्हणून त्या काळचे वैमानिक ढगात शिरण्याऐवजी ढगांच्या खालून, नदी किंवा रेल्वेचे रूळ धरून जात. इनसीनला जाताना ॲमीने जमिनीचा माग धरून रंगून गाठण्याचा प्रयत्न केला. पावसात शर्यतीचे मैदान सापडेना. खाली गवताचा एक मोकळा तुकडा दिसला. तो लहान होता, ओला होता आणि त्याच्या कडेला चर होता. पण तो दिसत होता.

लहान विमान उतरवताना हलक्या वजनाचा तोटा कळतो. वारा बाजूने येत असेल, तर विमान वाऱ्याबरोबर वाहू लागते. भरल्या नदीत नावाडी नाव समोरच्या घाटाच्या रोखाने हाकत नाही. तो तिचे तोंड थोडे प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो, तेव्हा कुठे ती घाटाला लागते. वैमानिकालाही तसेच वाऱ्याकडे नाक ठेवून तिरपे यावे लागते आणि चाके टेकण्याच्या अगदी आधी विमान सरळ करावे लागते. हा एका क्षणाचा हिशेब असतो. लवकर केला तर वारा बाजूला ढकलतो, उशीर झाला तर चाके आडवी घासतात. त्यात पाऊस. उघड्या बैठकीत चष्म्याच्या काचांवर पाण्याच्या रेघा, हात गारठलेले आणि पुढचे नाक एवढे मोठे की उतरताना नेमके समोरचेच दिसत नाही. मान बाहेर काढून बाजूने पाहावे लागते.

इनसीनला पुढे जे घडले ते या सगळ्या कथेतील सर्वांत हृद्य भाग आहे. विमान पडले होते ते तंत्रशिक्षण संस्थेच्या दारात. हे केवळ नशीब. संस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी मदतीला धावले. वाकलेले भाग कार्यशाळेत नेऊन सरळ करण्यात आले. मोडलेल्या प्रोपेलरच्या जागी बरोबर आणलेला सुटा प्रोपेलर बसला. प्रश्न उरला पंखाच्या कापडाचा. विमानाच्या पंखाला कुठलेही कापड चालत नाही. ते बारीक विणीचे, चिवट तागाचे असावे लागते. ते इनसीनमध्ये कुठून मिळणार? पण पहिल्या महायुद्धानंतर विमानांसाठी विणलेले पुष्कळ कापड शिल्लक राहिले होते आणि त्याचे सदरे शिवले गेले होते. असे सदरे तेथे लोकांकडे निघाले. ते उसवून, जोडून पंखाला ठिगळे लावण्यात आली. कापड ताणून बसवण्यासाठी लागणारे लुकणही तेथेच बनवून घेतले. पंखासाठी विणलेले कापड माणसांच्या अंगावरून फिरून पुन्हा पंखावर गेले. संस्थेतल्या त्या मुलांनी पुस्तकात कितीही यंत्रविद्या शिकली असती, तरी या दोन-तीन दिवसांत शिकली तेवढी क्वचितच शिकली असती. आणि ज्या बाईच्या हाताखाली ते काम करत होते, तिला पाना कसा धरायचा हे ठाऊक होते. ती नुसती बाजूला उभी राहून वाट पाहत बसली नव्हती.

१६ मे रोजी ‘जेसन’ बँकॉककडे निघाले. पण विक्रम हातचा गेला होता. हिंकलरवरची आघाडी त्या चरात संपली. पुढेही ढगांनी तिचा पिच्छा सोडला नाही. बँकॉकच्या वाटेवर डोंगरांत ती काही तास वाट हरवून भटकली. जावा बेटावर एका साखरेच्या मळ्याजवळ उतरताना जमिनीत रोवलेल्या बांबूंच्या खुंट्यांनी पंखाला भोके पडली. ती तिने औषधाच्या चिकटपट्टीने बुजवली. २४ मे रोजी ती ऑस्ट्रेलियातील डार्विनला पोचली. विक्रम मोडला नाही, तरी इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडत जाणारी पहिली स्त्री म्हणून जगाने तिला डोक्यावर घेतले. वर्तमानपत्रांत फोटो, गाणी, मिरवणुका. पाचच दिवसांनी ब्रिस्बेनला हजारो लोकांसमोर उतरताना तिचे विमान धावपट्टीपलीकडे गेले आणि उलटले. तिला विशेष लागले नाही. खरे सांगायचे तर उतरणे हे तिचे बलस्थान कधीच नव्हते आणि तिच्या चाहत्यांनीही ते मान्य करायला हरकत नाही.

याच सुमारास आपल्याकडेही हवा आणि जमीन यांचा हिशेब मांडला जात होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ‘पुस मॉथ’ या लहान विमानाने अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. भारतातील नियमित विमान टपालसेवेचा हा आरंभ. पण जुहूचे ते मैदान म्हणजे समुद्रालगतची खाजणजमीन. पावसाळ्यात तिचा चिखल होई. तेव्हा त्या महिन्यांपुरते टाटांचे विमान मुंबईऐवजी पुण्याला उतरू लागले. चिखलात उतरण्याची हिंमत दाखवण्यापेक्षा घाटावरची कोरडी जमीन निवडणे, यात नाट्य काहीच नाही. म्हणूनच बहुधा ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. टपाल मात्र पोचत राहिले.

आज उतरण्याची रीत पुष्कळ बदलली आहे. मोठ्या विमानतळांवर रेडिओलहरींनी आखलेली एक अदृश्य घसरगुंडी असते. तिचा उतार सुमारे तीन अंशांचा. वैमानिक उपकरणांकडे पाहत त्या उतारावरून ढगातून खाली येतो. सर्वसाधारण व्यवस्थेत जमिनीपासून दोनशे फुटांवर निर्णयाची जागा येते. त्या उंचीला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचे. दिसले नाहीत तर इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जायचे. मग पुन्हा प्रयत्न करायचा किंवा दुसऱ्या विमानतळाचा रस्ता धरायचा. तेथे ‘आणखी पन्नास फूट खाली जाऊन पाहू’ याला जागा नसते. नियम आधी केलेला असतो, कारण त्या क्षणी माणसाची बुद्धी स्वच्छ चालेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पोचण्याची ओढ, वाट पाहणारी माणसे, ‘इतके आलोच आहोत’ ही भावना, हे सगळे त्या दोनशे फुटांवर वैमानिकाच्या शेजारी येऊन बसलेले असते.

उपकरणे असली म्हणजे झाले, असेही नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र, जॉन केनेडी कनिष्ठ, पत्नी आणि मेहुणीसह आपल्या लहान विमानाने न्यू जर्सीहून मार्थाज व्हिन्यर्ड या बेटाकडे निघाले. वादळ नव्हते, पाऊसही नव्हता. समुद्रावर फक्त धूसर हवा होती आणि अंधार. क्षितिज दिसेनासे झाले. त्यांच्या विमानात कृत्रिम क्षितिज होते, आपोआप उडवणारी यंत्रणाही होती. पण केवळ उपकरणांवर उडण्याचा परवाना त्यांनी अद्याप मिळवलेला नव्हता. विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. चौकशीअंती, दिशांचे भान हरपल्याने विमानावरचे नियंत्रण सुटले, असा निष्कर्ष काढण्यात आला. उपकरण खरे सांगते आणि शरीर खोटे सांगते, हे पुस्तकात वाचून पटते. पण ज्या शरीरावर आयुष्यभर विश्वास ठेवला, त्याचे म्हणणे ऐन वेळी नाकारायला पुष्कळ सराव लागतो.

ॲमी जॉन्सनकडे परत येऊ. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ती १९४० मध्ये ब्रिटनच्या हवाई वाहतूक साहाय्यक दलात रुजू झाली. कारखान्यांतून किंवा एका तळावरून दुसऱ्या तळावर लढाऊ दलाची विमाने नेऊन पोचवणे हे या दलाचे काम. या विमानांत रेडिओ वापरला जात नसे. जमीन दिसत असतानाच उडावे आणि हवा बिघडली तर उतरून थांबावे, अशी त्या दलाची शिस्त होती. विमान उशिरा पोचले तरी चालेल. ते पोचले पाहिजे. सव्वीस वर्षांची ॲमी आता सदतीस वर्षांची झाली होती. तिच्या नावावर लंडनपासून केपटाउन, टोकियोपर्यंतचे प्रवास होते.

४ जानेवारी १९४१ रोजी स्कॉटलंडमधील प्रेस्टविकहून ‘ऑक्सफर्ड’ जातीचे दोन इंजिनांचे विमान घेऊन ती ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळाकडे निघाली. हवा खराब होती, म्हणून ती वाटेत ब्लॅकपूलला उतरली आणि रात्री तेथे राहणाऱ्या बहिणीकडे मुक्काम केला. येथपर्यंत सगळे शिस्तीला धरून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीही ढग उतरलेलेच होते, कडाक्याची थंडी होती. ढगांच्या वरून निघून जाईन, अशा अर्थाचे काही तरी ती तळावरच्या माणसाशी बोलली आणि दुपारच्या सुमारास निघाली. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. तासाभराचा प्रवास.

ढगांच्या वर गेलेल्या विमानाला स्वच्छ ऊन मिळते, निळे आकाश मिळते. फक्त खाली येण्याची वाट मिळत नाही. ढगांत कुठे तरी भोक सापडेल, या आशेने वैमानिक पुढे जात राहतो. वर वारा कुठल्या बाजूला वाहून नेतो आहे, हे जमीन दिसल्याशिवाय कळत नाही. ॲमीच्या बाबतीत नेमके काय घडले, हे पाहणारे कुणीच नव्हते. त्याविषयी पुढे अनेक तर्क झाले. चुकून आपल्याच तोफांनी विमान पाडले, असेही १९९९ मध्ये एका माजी सैनिकाने सांगितले. निश्चित आहे ते एवढेच, की निघाल्यानंतर साडेतीन तासांहूनही अधिक काळ लोटल्यावर किडलिंग्टनपासून दीडशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, टेम्स नदीच्या मुखाशी, हर्न बे गावासमोरच्या समुद्रावर एक हवाई छत्री उतरताना जहाजांवरील लोकांनी पाहिली. एवढ्या वेळाने टाकीत इंधन फारसे उरलेले असणे शक्य नव्हते.

‘हासलमीर’ हे जहाज तिच्या रोखाने वळले. पाणी गोठवणारे होते, लाटा उंच होत्या. तिच्यापर्यंत दोर फेकण्यात आले, पण ती ते पकडू शकली नाही आणि जहाजाच्या मागच्या भागाखाली दिसेनाशी झाली. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी पाण्यात उडी घेतली. त्यांना बाहेर काढले तेव्हा ते बेशुद्ध होते. पुढे रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

पाण्यातून ॲमीची प्रवासी पिशवी आणि उड्डाणांची नोंदवही मिळाली. ती स्वतः मिळाली नाही. हिरवे ‘जेसन’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.